पडदा उभा असतो, कागद आडवा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सगळं कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही शाळेत समुपदेशक आहात. १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना दादागिरी, तंबाखू-दारू, घरातली मारहाण आणि स्वतःला इजा करून घेणं या चार गोष्टींबद्दल विचारायचं आहे. आजवर छापील प्रश्नावली वाटत होतात. यंदा संगणक कक्षात घ्यायचं ठरलंय, कारण संगणकासमोर मुलं जास्त खरं सांगतात असं तुमच्या वाचनात आलं. हे खरं का, आणि काय सांभाळायचं?

खरं आहे. पण ज्या परिस्थितीत ते खरं ठरलं, ती तुमच्या संगणक कक्षात बहुधा नाही.

हा समज ज्या अभ्यासामुळे रुजला तो चांगलाच आहे. अमेरिकेत १९९५ साली १५ ते १९ वयाच्या मुलग्यांची एक राष्ट्रीय पाहणी झाली. काहींना नाजूक प्रश्न कागदावर दिले, काहींना लॅपटॉप आणि हेडफोन. प्रश्न कानात ऐकू यायचा, पडद्यावर दिसायचा, आणि उत्तर म्हणजे एखादा आकडा दाबायचा. दुसऱ्या मुलग्याशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर १.५ टक्के मुलांनी सांगितलं, लॅपटॉपवर ५.५ टक्के. निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले आणि संगणक म्हणजे जणू सत्य काढून घेणारं यंत्र असा गाजावाजा झाला.

त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातल्या शाळांमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. तिथे संगणकावरच्या मुलांनी कागदावरच्या मुलांपेक्षा कमी कबुली दिली. पुढे २००८ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने वर्गावर्गांत कागद आणि वेब यांची तुलना केली. टक्केवारी साधारण सारखीच आली, पण वेबवर भरणाऱ्या मुलांना आपली उत्तरं कागदाइतकी खासगी वाटली नव्हती.

मग फरक कशाचा? १९९५ ची पाहणी घरोघर झाली होती. मुलगा एका कोपऱ्यात, लॅपटॉप त्याच्या पुढ्यात, आजूबाजूला वर्गातलं कुणी नाही. शाळेत तोच मुलगा चाळीस जणांत बसतो. कागद आडवा असतो. त्याच्यावर कोपर टेकवलं की झाकला. पडदा उभा असतो, उजळ असतो आणि त्याला कोपर पुरत नाही. बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं: उत्तर देताना मुलाच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो, हे आत्ता कुणाला दिसतंय.

संगणकावरची माझी पहिली शालेय पाहणी मला अजून टोचते. कक्षात तीन भिंतींना लागून संगणक, मुलांची तोंडं भिंतीकडे, मधली जागा मोकळी. संगणक कक्ष असा मांडतातच मुळी की मधे उभं राहिलं की कोण काय करतंय ते शिक्षकांना दिसावं. मी दाराशी उभी होते. तिथून एका मुलीच्या पडद्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती, पण पाच पर्यायांपैकी कितवा गोल काळा झाला ते स्वच्छ दिसत होतं. पर्यायांचा क्रम मी स्वतःच लावलेला, त्यामुळे मला अक्षरांची गरजच नव्हती. तिनं एकदा मागे वळून पाहिलं, खुर्ची थोडी सरकवून खांदा मधे आणला, आणि मग खालपर्यंत सगळीकडे पहिला पर्याय दाबत गेली: कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. ते खरं असेल किंवा नसेल. ती ओळ माझ्या आकडेवारीत बसली ती बसलीच.

तेव्हापासून प्रश्नावली उघडण्याआधी मी खोली बघते. एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवा, त्यासाठी अर्धा अर्धा वर्ग आणावा लागला तरी चालेल. शिक्षक खोलीत लागतच असतील तर त्यांनी एका जागी बसावं, सगळे पडदे त्यांच्याकडे पाठ करून असतील अशा जागी, आणि फिरू नये. फिरणं ही शिक्षकांची सवय असते, वाईट हेतू नसतो, पण पाठीमागून पावलं आली की उत्तर बदलतं. शक्य असेल तर त्या वर्गाला न शिकवणारी व्यक्ती ठेवा. पडद्याचा उजेड कमी करा. फुकटचा उपाय आहे आणि कुणी करत नाही. एका वेळी एकच प्रश्न, अक्षर बेताचं, निवडलेला पर्याय फिकट रंगात, आणि उत्तर दिलं की लगेच पुढचा पडदा. बाजूने बघितलं तर पडदा काळा दिसेल अशी पातळ फिल्म मॉनिटरवर चिकटवायला मिळते, ती जरूर वापरा, मात्र ती थेट पाठीमागून बघणाऱ्याला अडवत नाही. टॅब्लेट मिळत असतील तर ते घ्या. टॅब्लेट बाकावर आडवा ठेवता येतो, म्हणजे कोपराचा उपाय मुलांना परत मिळतो. मोठ्या पाहण्याही त्याच वाटेने गेल्या आहेत: अमेरिकेतली ‘मॉनिटरिंग द फ्यूचर’ ही १९७५ पासून चालू असलेली पाहणी आणि सीडीसीची ‘यूथ रिस्क बिहेवियर’ पाहणी, दोन्ही आता टॅब्लेटवर आल्या आहेत.

आता जे बाहेरून दिसत नाही ते.

संगणकाचा मोठा फायदा म्हणून सगळे सांगतात की अनावश्यक प्रश्न आपोआप गाळता येतात. दारू कधी प्यायलीच नसेल तर दारूचे पुढचे आठ प्रश्न येणारच नाहीत. प्रौढांसाठी ही सोय आहे. वर्गात हा सापळा आहे, आणि तो दोन बाजूंनी लागतो. पहिली बाजू वेळेची: सगळ्यांचं पंधरा मिनिटांत होतं आणि एक मुलगा पंचविसाव्या मिनिटालाही बटणं दाबत बसलेला असतो. त्याचा पडदा कुणी पाहिला नाही, तरी वर्गाला कळलं. मधल्या सुट्टीत त्याला विचारलं जाणारच, ‘तुझं एवढं काय होतं रे?’ दुसरी बाजू मुलांच्या हुशारीची. ‘हो’ म्हटलं की शेपूट वाढतं हे त्यांना दुसऱ्या विषयापर्यंत समजतं, आणि तिसऱ्या विषयापासून कंटाळलेली मुलं ‘नाही’ म्हणू लागतात. तुमची यादी दादागिरीपासून सुरू होऊन स्वतःला इजा करण्यापर्यंत जाणार असेल, तर सगळ्यात नाजूक प्रश्नावर सगळ्यात जास्त खोटी ‘नाही’ तुम्ही स्वतःच गोळा कराल.

उपाय कष्टाचा आहे पण एकदाच करायचा आहे. ‘हो’ म्हणणाऱ्याला जितके प्रश्न, तितकेच ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही द्या. झोप किती, खेळ कोणता, घरी अभ्यासाला जागा आहे का, असं काहीही, पण शक्यतो उपयोगी पडेल असं. किती टक्के झालं ते दाखवणारी पट्टी काढून टाका, कारण ती अशा ठिकाणी उडी मारते आणि चुगली करते. शेवटी सगळ्यांना एखादं कोडं किंवा वाचायला उतारा द्या, ठरलेली वेळ संपेपर्यंत पुरेल असा. कुणीही आधी उठून जायचं नाही. ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांच्यासाठीही हीच सोय: पालकांची संमती असली तरी मुलाला स्वतःला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि ‘नको’ म्हटल्यावर वर्गाबाहेर पाठवलं तर ते ‘नको’ राहत नाही, जाहीर होतं. पहिल्याच पडद्यावर ‘मला भाग घ्यायचा नाही’ असा पर्याय ठेवा, तो दाबला की थेट कोडी. प्रत्येक प्रश्नाला ‘उत्तर द्यायचं नाही’ हाही पर्याय द्या. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही अशी सक्ती केलीत तर मुलं पुढे जातातच, काहीतरी दाबून.

‘निनावी’ हा शब्द जपून वापरा. हजेरी क्रमांक टाकून लॉगिन करायला लावायचं आणि पुढच्या पडद्यावर ‘ही पाहणी पूर्णपणे निनावी आहे’ असं लिहायचं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की मोजणं सोडून दिलं. मुलं त्यावर हसतात. एका वापरानंतर बाद होणारे कोड छापा, चिठ्ठ्या डब्यात घाला, डबा हलवा आणि ज्याने त्याने आपल्या हाताने उचलू द्या. ते हलवणं मुलांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं, भरवसा तिथे बसतो. आणि पडद्यामागे यंत्र काय साठवतंय ते तांत्रिक माणसाला विचारून बंद करून घ्या. संगणकाचा नेटवर्क पत्ता, भरायला सुरुवात केल्याची अचूक वेळ, आणि कोण कुठे बसलं होतं याची कुणाला तरी असलेली आठवण, एवढ्यावर नाव सापडतं. माहितीचंही तसंच. जन्मतारीख, तुकडी, भावंडं किती, घरी बोलली जाणारी भाषा, एकेक करून निरुपद्रवी, पण चाळीसच्या वर्गात चारही एकत्र आली की एकच मूल उरतं. वय पूर्ण वर्षांत विचारा, इयत्ता विचारा, बास. मोकळं लिहायची चौकटही मी नाजूक विषयांत देत नाही. मुलं तिथे नावं लिहितात, दुसऱ्यांचीही.

आणि मग तो प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण जो सगळ्यात आधी सोडवायला हवा. सकाळी अकरा वाजता एका मुलानं उत्तर दिलं की गेल्या आठवड्यात त्यानं जीव द्यायचा विचार केला. तुम्ही काय करणार?

पाहणी खरोखर निनावी असेल तर काहीच करता येणार नाही, कारण ते मूल कोण हे तुम्हाला कळणारच नाही. मग तसं पहिल्या पडद्यावर साध्या शब्दांत सांगा: ‘तू इथे काय लिहिलंस ते कुणालाही कळणार नाही, म्हणून इथे लिहून मदत मिळणार नाही. मदत हवी असेल तर ती अशी मिळेल.’ दुसरा मार्ग म्हणजे उत्तर आणि मूल यांची सांगड ठेवायची, पण मग ती पाहणी निनावी नाही, गोपनीय आहे. गोपनीयतेची हद्द कुठे संपते ते मुलांना आधी सांगावं लागतं. अनेक देशांत मुलावर अत्याचार होत असल्याचं समजल्यावर तो कळवणं कायद्यानं बंधनकारक असतं, तेव्हा तुमच्याकडचा नियम काय ते पाहणीच्या आधी तपासा. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. निनावी म्हणायचं आणि गुपचूप शोधायची सोय ठेवायची, हा तिसरा मार्ग मात्र नको. तो एकदा उघडा पडला की त्या शाळेत पुढची कित्येक वर्षं कुठल्याच मोठ्या माणसाला कुणी काही सांगत नाही.

मी बहुतेक वेळा पहिला मार्ग घेते आणि सोबत कागदाची एक चिठ्ठी ठेवते. संगणकाचं काम संपल्यावर प्रत्येकाला एक चिठ्ठी. त्यावर दोन ओळी: ‘मला कुणाशी तरी बोलायचं आहे’ आणि ‘सध्या नको’. एकावर खूण करायची. बोलायचं असेल तर खाली नाव, नसेल तर तिथे आज प्रश्नावलीत काय आवडलं नाही ते एक वाक्य. म्हणजे सगळ्यांची पेनं सारखीच चालतात, सगळे घडी घालतात, सगळे डब्यात टाकतात. डबा त्याच दिवशी उघडायचा आणि नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाशी त्याच दिवशी बोलायचं. तेवढी माणसं त्या दिवशी हाताशी नसतील तर पाहणी पुढे ढकला. ती ‘आवडलं नाही’ची वाक्यं वाचाच, प्रश्नावलीतले निम्मे दोष मला तिथून कळले आहेत.

मुख्याध्यापक किंवा पालक म्हणतील, असले प्रश्न विचारून मुलांच्या डोक्यात भलतं काही भरेल. या भीतीची तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा माध्यमिक शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, दुसऱ्याला नाही. विचारलेल्या गटात ना अस्वस्थता वाढली, ना आत्महत्येचे विचार. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. अर्थात ते प्रश्न नीट विचारले होते आणि मागे मदतीची व्यवस्था होती. तीच नसेल तर त्या अभ्यासाचा दाखला देऊ नका.

शब्दांबद्दल. ‘घरी मारहाण होते का?’ याला ज्या मुलाला रोज चापट बसते तेही ‘नाही’ म्हणतं, कारण त्याच्या लेखी ती मारहाण नसते. नाव विचारू नका, घडलेलं विचारा: ‘गेल्या १२ महिन्यांत घरातल्या मोठ्या माणसानं तुला हातानं किंवा एखाद्या वस्तूनं मारलं का?’ दादागिरीचंही तसंच. ढकललं का, वस्तू हिसकावली का, मुद्दाम वगळलं का, फोनवर काही पसरवलं का. ‘कधी कधी’ आणि ‘नेहमी’ हे शब्द वापरू नका, प्रत्येकाचं ‘कधी कधी’ वेगळं असतं. ‘गेल्या ३० दिवसांत किती वेळा’ हे जमतं.

वाचन कच्चं असलेल्या मुलांसाठी ध्वनिमुद्रित प्रश्न आणि हेडफोन उत्तम. पण हेडफोन सगळ्यांना द्या, नाहीतर कुणाचं वाचन कच्चं आहे ते जाहीर होईल. आवाज अनोळखी माणसाचा घ्या. एका शाळेत आम्ही सोय म्हणून तिथल्याच एका शिक्षिकांचा आवाज घेतला. उच्चार फार स्वच्छ होते. पहिल्या वाक्यालाच अख्खा वर्ग मान वर करून दाराकडे बघायला लागला.

टवाळ मुलांचं काय, हा प्रश्न दर वेळी येतो. असतात, आणि संगणकावर त्यांना चेव येतो. युरोपातल्या १५-१६ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘एस्पाड’ पाहणीत व्यसनांच्या यादीत ‘रेलेविन’ नावाचं एक औषध असतं. असं औषध अस्तित्वातच नाही. ते घेतल्याचं जो सांगतो त्याचं बाकीचंही जपून वाचायचं. अमेरिकेतल्या ‘अ‍ॅड हेल्थ’ या मोठ्या पाहणीत शाळेत भरलेल्या फॉर्मवर कृत्रिम हात किंवा पाय असल्याचं सांगणारी बरीच मुलं निघाली. घरी जाऊन विचारलं तर बहुतेकांचे हातपाय धडधाकट. गंमत म्हणून हसून सोडण्यासारखं नाही हे, कारण मुळातच दुर्मीळ असलेल्या गोष्टीत पाच-सहा टवाळ उत्तरं आकडा दुप्पट करतात. तेव्हा असा एखादा खोटा पर्याय घाला, आणि प्रत्येक प्रश्नावर गेलेला वेळ सेकंदांत साठवा (सुरुवातीची घड्याळातली वेळ नाही, फक्त लागलेला वेळ). दहा शब्दांचा प्रश्न अर्ध्या सेकंदात कुणी वाचत नाही. कुठली उत्तरं बाद करायची याचा नियम मात्र माहिती हातात येण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवलं तर आपल्याला न आवडणारी उत्तरं टवाळ वाटू लागतात, माझाही अनुभव आहे.

आणखी एक, तुमच्या बाबतीत महत्त्वाचं. तुमच्याकडे मागच्या वर्षांचे कागदावरचे आकडे आहेत. यंदा सगळं संगणकावर नेलंत आणि तंबाखूचा आकडा घटला, तर तंबाखू घटली की कबुली घटली हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘मॉनिटरिंग द फ्यूचर’वाल्यांनी २०१९ मध्ये चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत कागद आणि निम्म्यांत टॅब्लेट वापरले, ते याचसाठी. तुम्ही तुकड्यांच्या चिठ्ठ्या टाका: निम्म्या कागदावर, निम्म्या संगणकावर. एका शाळेपुरता फरक बारीक असला तर दिसणार नाही, ठळक असला तर दिसेल, आणि ठळक फरकच आपल्याला फसवतो.

अहवालात तुकडीवार आकडे देऊ नका, कुणी कितीही मागितले तरी. दहापेक्षा कमी मुलं ज्या रकान्यात येतात तो रकाना रिकामा सोडा. ‘नववी ब मधली तीन मुलं’ असं वाक्य स्टाफरूममध्ये गेलं की तासाभरात तीन नावं तयार होतात, आणि बहुतेक वेळा चुकीची.

तुमच्या कक्षाची मांडणी तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून एक करा. मुलं घरी गेल्यावर एका सहकाऱ्याला दाराशी उभं करा, दुसऱ्याला शेजारच्या खुर्चीत बसवा, आणि तुम्ही मधल्या एखाद्या संगणकावर बसून पूर्ण प्रश्नावली भरा, खरी उत्तरं देऊन. संपल्यावर दोघांना विचारा, काय काय दिसलं. तुम्ही मधेच कुठे खुर्ची सरकवलीत तेही त्यांना विचारा. ज्या प्रश्नावर सरकवलीत, त्या प्रश्नापासून दुरुस्तीला लागा.